वेलांटीचा बांध

राज्याचे नाव म्हैसूर होते त्या शेवटच्या काही वर्षांत, एका मार्च महिन्यातल्या अखेरच्या मंगळवारी सकाळी, आमच्या गावच्या मधोमध दगडी बांध पूर्ण झाला. बांध उत्तर-दक्षिण होता. लांबी माझ्या पावलांनी एकशे दहा, उंची दोन पुरुष. पाणी सोडण्यासाठी त्याच्या पोटातून आरपार मोरी होती, मोरीच्या मागच्या तोंडाला लोखंडी दार होते आणि दार वरखाली करायला बांधाच्या माथ्यावर चक्र होते. जादा पाणी वाहून जावे म्हणून एका टोकाला सांडवा सोडला होता. पाण्याची खोली मोजण्यासाठी भिंतीवर पांढऱ्या रंगात फुटांचे आकडे घातले होते. पाणी नव्हते. पाणी ओढ्याला होते, आणि ओढा तिथून वीस मिनिटांच्या वाटेवर शिवारात होता.

गाव हुलसूरच्या पलीकडे, महाराष्ट्राच्या सीमेला चिकटून. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दखनी असा गावाचा व्यवहार होता. चूक या तिन्हींच्या मधल्या जागेत झाली.

पंचायत चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे अप्पा म्हणत. त्यांचे किराणा दुकान होते. घर बसवण्णांना मानणारे. घरात कन्नड बोलत, बाहेर सगळ्यांशी मराठी. मात्र शाळा निजामाच्या काळात झालेली, म्हणून लिहिणे फक्त उर्दूत. ओढ्यावर बांध हवा असा अर्ज द्यायचा ठरले तेव्हा अप्पांनी तो मराठीत सांगितला, मी तो कन्नडात लिहिला आणि खाली त्यांनी उर्दूत सही केली. मी तेव्हा उदगीरकडच्या एका मराठी साप्ताहिकाला गावाकडच्या बातम्या पाठवत असे. शाळेत कन्नड अक्षरे गिरवलेला दुसरा कोणी त्या दिवशी पंचायतीत हजर नव्हता.

कन्नडात हळ्ळ म्हणजे ओढा आणि हळ्ळी म्हणजे गाव. कट्टे म्हणजे बांध. झाडाभोवतीच्या पारालाही कट्टेच म्हणतात. अप्पांनी सांगितले होते, ओढ्याच्या मधोमध बांध पाहिजे. आमच्या भागात निम्म्या गावांच्या नावाला शेवटी हळ्ळी असते. हाताला ते वळण होते. मी गावाच्या मधोमध बांध मागितला. अर्जाची नक्कल माझ्याजवळ आहे. वेलांटी माझीच आहे.

कचेरीत तो अर्ज कोणी कोणी वाचला हे समजले नाही. मंजुरी दहा महिन्यांत आली. नंतर एक तरुण साहेब जीपमधून आले, त्यांनी गावाचा मध्य कुठे असे विचारले. लोकांनी चावडीपुढचे मैदान दाखवले. साहेबांनी चार खुंट्या ठोकल्या, लिंबाच्या सावलीत पाणी प्याले आणि निघून गेले. खुंट्या कशाच्या, हे कामाचे कंत्राट घेतलेला गुत्तेदार दगडाच्या गाड्या घेऊन येईपर्यंत कोणी विचारले नाही.

गुत्तेदार बिदरचा होता, बोलायला मोकळा. अप्पांनी त्याला नकाशा दाखवायला सांगितले. नकाशात बांध होता, मोरी होती, सांडवा होता, सगळे ओढ्यासाठी आखलेले. जागेच्या रकान्यात गाव होते. अप्पांनी त्याला इथे कामून, असे विचारले.

"कागज पो जो लिखे सो बनातूं, अप्पा. नाला लिखे तो नाले में, गाँव लिखे तो गाँव में. कल को कुआँ लिखे तो छत पो बी खोदतूं."

त्याच संध्याकाळी चावडीत बैठक झाली. अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवावा, असे दोघातिघांचे म्हणणे पडले. अप्पांनी त्यांना समजावले की दुरुस्तीचा कागद जाऊन येईपर्यंत मार्च संपेल, आणि मार्चमध्ये खर्च न झालेला पैसा परत जातो.

"परत गेलेला पैसा गावाचं नाव इसरतो," ते म्हणाले. "आधी बांध घिऊ. पाण्याचं मागनं बघू."

एका म्हाताऱ्याने विचारले की बांध गावात आला तर पाणीही गावात येईल काय. त्याला बसायला सांगण्यात आले. ठराव एकमताने झाला.

तीन महिने काम चालले. त्या वर्षी एरवी सोलापूरच्या किंवा हैदराबादच्या वाटेला लागणारी माणसे गावातच राहिली. बायांनी मुरूम वाहिला. बैलगाड्यांना भाडे मिळाले. लोहाराकडे छिन्न्यांची रांग लागली आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणून सांगितले. शनिवारी मजुरी वाटली जायची. रविवारी दुपारी अप्पांच्या दुकानात गूळ आणि चहापत्ती शिल्लक नसायची. बाहेरगावच्या गवंड्यांनी चार घरांच्या ओसऱ्या भाड्याने घेतल्या. ओसरीला भाडे येते ही माहिती गावाला नवी होती. पाचव्या घराने ओसरी नव्हती म्हणून बांधून काढली.

मुरूम जवळच, बांधाच्या पश्चिमेला उकरला होता. त्यामुळे मोरीच्या मागे एक रुंद, उथळ खळगा तयार झाला. मोरीचा उंबरा बरोबर या खळग्याच्या तळाशी होता, आणि पुढे पूर्वेला अप्पांच्या दुकानापर्यंत मैदान उताराचे होते.

बांध पूर्ण झाल्याची बातमी मी साप्ताहिकाला पाठवली. संपादकांना वाटले माझ्याकडून शब्द गळाला, म्हणून त्यांनी "गावात बांध पूर्ण" याचे "गावच्या ओढ्यावर बांध पूर्ण" करून छापले. मी दुरुस्ती कळवली. पुढच्या अंकात आले: बांध ओढ्यावर नसून गावात आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत. ही दिलगिरी सरकारने छापली असा गावात समज झाला आणि तो बरेच दिवस टिकला.

पहिला परिणाम सावलीचा झाला. आमच्या गावाला तोवर बाजार नव्हता; भाजी, मीठ, बांगड्या सगळ्याला शेजारच्या गावी जावे लागे आणि तिथे बाजार उघड्या माळावर भरे. एका सोमवारी तिकडे निघालेला बांगड्यांचा व्यापारी आमच्या बांधाच्या सावलीत थांबला आणि पुढे गेलाच नाही. पुढच्या सोमवारी भाजीवाल्या थांबल्या. पावसाळ्यापर्यंत सोमवारचा बाजार आमच्या गावचा झाला होता.

या बाजाराची रीत वेगळी होती. बांध उत्तर-दक्षिण असल्यामुळे सकाळी सावली पश्चिमेला पडे, दुपारनंतर पूर्वेला. म्हणून सकाळी सगळा बाजार पश्चिमेला, खळग्यात बसे. बारा वाजता कोणीतरी "फिरली" म्हणे आणि बाजार उठे. टोपल्या, तराजू, कोंबड्या, चादरीवर मांडलेली भांडी असे सगळे सांडव्यावरून पूर्वेला जाई आणि त्याच क्रमाने पुन्हा मांडले जाई. या वेळात घासाघीस थांबवत नसत. सांडव्याच्या पश्चिमेला वांग्याचा एक भाव ठरून पूर्वेला उतरताना दुसरा झाल्याची भांडणे मी पाहिली आहेत.

फुटांचे आकडे बोकडांना लागू पडले. व्यापारी बोकड भिंतीला उभा करून उंची वाचून दाखवत. रंगाऱ्याने शून्य न घालता जमिनीलगतच एक लिहिला होता, त्यामुळे आमच्या बाजारातला प्रत्येक बोकड मूळ उंचीपेक्षा फूटभर उंच निघे. हे सहा महिन्यांनी एका शिंप्याच्या लक्षात आले. तोवर शाळेनेही मुलांची उंची तिथेच मोजून वरती कळवली होती. शिंपी हा बाजारामुळेच गावात आला होता. त्याच्यामागून सायकल दुरुस्त करणारा आला. मग बस पूर्वी पाटीवर, म्हणजे मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर, उभी राहायची ती बांधापर्यंत येऊन वळू लागली. वळायला मैदान होते आणि कंडक्टरला चहा होता.

चहा अक्काचा होता.

अक्का माझी थोरली बहीण. आमचे घर बौद्ध. वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा ती कळती होती. गल्लीतल्या जुन्या हॉटेलात आमच्या वस्तीच्या कपबश्या बाहेर खिळ्याला टांगलेल्या असत. आपले चहाचे दुकान टाकायचे, असे अक्काने पुष्कळ आधी ठरवले होते. नवरा ट्रकवर असे, महिन्यातून दोनदा घरी येई. त्याची हरकत नव्हती. अडचण जागेची होती. तिने गावात तीन ठिकाणी भाड्याने जागा मागितली. पहिल्याने छप्पर गळते म्हणून सांगितले. दुसऱ्याचा भाऊ सोलापूरहून परत येणार होता. तिसरा विचार करून सांगतो म्हणाला आणि बांध झाला तरी विचारच करत होता.

बांधाच्या पोटातली मोरी माणूस उभा राहील एवढी उंच आणि चार माणसे शेजारी बसतील एवढी रुंद होती. कन्नडात अशा मोरीला तूबु म्हणतात, आमच्याकडे तूब. तूब सरकारचा होता आणि सरकार गावात राहत नव्हते. बांध पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात अक्काने तिथे चूल मांडली. तिला कोणी विचारले नाही, कारण विचारणाऱ्याला ती जागा आपली आहे असे आधी म्हणावे लागले असते.

जागा धंद्याला उत्तम ठरली. आरपार असल्यामुळे सकाळचा बाजार मागच्या तोंडाने चहा घेई आणि दुपारचा पुढच्या. धूर वाऱ्याबरोबर निघून जाई. संध्याकाळी अक्का पुढे फळ्या लावे आणि बांधावर चढून चक्र फिरवे. मागचे लोखंडी दार खडखडत खाली येई. त्या आवाजावर शेजारच्या बाया भाकरीचा तवा ठेवत. पोरे चक्राशी खेळू नयेत म्हणून चक्राची मूठ ती काढून आणे आणि तूबात खिळ्याला अडकवे. मूठ बसवल्यावर सात वेढ्यांनी चक्र अडकते, मग अर्धा वेढा उलटा देऊन पुन्हा सुलटा द्यायचा, हे फक्त तिला ठाऊक होते.

पावसाळ्यात खळग्यात पाणी साचून दाराखालून आत येई आणि साखर भिजे. तेव्हा तिने दाराच्या कडेला सुतळी ठासून वर डांबर ओतले. पुढे दरवर्षी ती हे करत असे. तूब दुरुस्तीवर झालेला तेवढाच खर्च माझ्या माहितीत आहे.

तिच्याकडे काचेचे ग्लास होते, सगळे एकाच प्रकारचे, आणि ते आतच होते. पहिले काही दिवस काही लोक सांडव्यावर उभे राहून वास घेऊन जात. नंतर गुत्तेदार राहिलेल्या कामाला आला असता आत बसून दोन ग्लास चहा प्याला, मग कंडक्टर प्याला, मग अप्पा एकदा पाऊस आला म्हणून आत शिरले. तो पाऊस अप्पांच्या पुरता रोज दुपारी चारला यायचा.

बांधामुळे गावाची भरभराट झाली ही बातमी आसपास पोचली. हळ्ळीखेडकडच्या एका गावातून दोघे जण मला भेटायला आले. त्यांना ओढ्याचा बांध नको होता. ओढ्याला त्यांच्याकडे आधीच एक होता आणि त्याने काही झाले नव्हते.

"आमालाबी ती वेलांटी घालून द्या," त्यांतला वडीलधारा म्हणाला.

मी अर्ज लिहून दिला. कचेरीने तो परत पाठवला. समासात शेरा होता: शुद्धलेखन तपासावे.

राज्याचे नाव कर्नाटक झाले त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पंचायतीला पत्र आले. आधी दुष्काळ पडून गेला होता आणि जिल्ह्यातले सगळे बांध तपासायचे ठरले होते. जो बांध पाणी अडवत नाही तो निकामी समजून पाडावा आणि त्याचा दगड रस्त्याच्या कामाला द्यावा, असे पत्रात होते. तपासणीचे साहेब पुढच्या गुरुवारी येणार होते.

पत्र मी अक्काच्या तूबात बसून वाचून दाखवले. अप्पा होते, शिंपी होता, चारपाच बाजारकरी होते. अक्का दूध ढवळत होती.

"भाऊ, पाडा म्हणलंय का वाढवा?" तिने विचारले. "नीट बघ. तुज्या कन्नडावर माझा भरोसा न्हाई."

मी पुन्हा वाचले. पाडाच होते.

गावात दोन मते झाली. गल्लीतल्या हॉटेलवाल्याचे मत बांध पाडावा, मैदानाला वारा लागेल. अप्पांचे मत बांध राहावा. त्यांनी दुकानाला दुसरी खोली काढली होती. शिंपी म्हणाला, बांध गेला तर तो झाडाखाली मशीन मांडेल. सायकलवाला म्हणाला, त्याला तर भिंत लागतच नाही. बाजार कुठेतरी भरलाच असता. दुसरी जागा नव्हती ती एकट्या अक्काला. जागा देतो म्हणून विचार करणारा तिसरा गृहस्थ मध्यंतरी वारला होता आणि त्याच्या मुलाने तो विचार पुढे चालवला नव्हता.

पाणी अडवून दाखवायचे असे मंगळवारी सकाळी ठरले. कल्पना अप्पांची. गावालगतच्या त्यांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होते. तिथपासून पाइप टाकला. तो वरच्या गल्लीतून आला, एका घराच्या स्वयंपाकघरातून गेला, कारण वळसा घालायला पाइप पुरला नाही, आणि खळग्यात उतरला. त्या घरातल्या बाईने दोन दिवस पाइपावर पाट ठेवून भाकरी थापल्या. अक्काने दार खाली केले, सुतळी आणि डांबर नव्याने घातले. कमी पडेल ते पाणी बैलगाडीवर पिपे ठेवून आणले. बुधवारी संध्याकाळी खळगा भरला. दाराला मांडीएवढे पाणी लागले होते. कोणी न बोलावता सात म्हशी त्यात जाऊन बसल्या. अप्पांनी त्यांना राहू द्यायला सांगितले. म्हशीमुळे पाणी जुने वाटते, असे ते म्हणाले.

अक्काची शंका एकच होती. साहेबाने तूब उघडायला सांगितला तर?

"साहेब लोक उघडा म्हणत न्हाईत," अप्पा म्हणाले. "बघतेत, च्या पितेत, जातेत. तू च्या तेवढा झक्कास कर."

म्हणून गुरुवारी सकाळी दुकान नेहमीसारखे लागले. चूल पेटलेली, दूध वर, फळीवर धुतलेले ग्लास, साखरेचा डबा, खारीची बरणी. पुढच्या तोंडाशी साहेबांसाठी बाक. मागच्या तोंडाला दार आणि दारामागे पाणी.

साहेब अकराला आले. ते खाली म्हैसूरकडचे होते, कन्नड स्वच्छ बोलत, मराठी त्यांना येत नव्हती. पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट होते. अप्पांना घरचे कन्नड येत होते, पण साहेबांपुढे त्यांनी मराठीतच बोलायचे ठरवले होते, म्हणून दुभाषा मी होतो. ते बांधावर चढले, पाण्याकडे पाहिले, म्हशींकडे पाहिले, भिंतीवरचा आकडा वाचला. पाणी दोन फूट होते. आकडा तीन सांगत होता. त्यांनी तीन लिहिले.

पाणी येते कुठून, असे त्यांनी विचारले. मी अप्पांना मराठीत सांगितले.

"वरून," अप्पा म्हणाले.

पाइप वरच्या गल्लीतूनच येत होता. मी तेवढाच शब्द कन्नडात सांगितला. साहेबांनी आकाशाकडे पाहिले. एप्रिल होता. त्यांनी पुढे विचारले नाही.

खाली उतरल्यावर त्यांना तूबात चूल दिसली. अप्पांनी खुलासा केला की ही तूबाची चौकी आहे आणि ही बाई तूबाची राखण करते. चहा राखणीच्या वेळात होतो. साहेबांनी दार पाहिले. दारातून थेंब येत नव्हता. त्यांनी कडेच्या डांबरावरून बोट फिरवले आणि हे कोण करते असे विचारले. अक्काने स्वतःकडे बोट दाखवले. साहेब म्हणाले की या दौऱ्यात पाहिलेल्या एकाही बांधावर राखणदार नव्हता आणि एकही दार न गळणारे नव्हते. ते बाकावर बसले. चहा प्याले. आणखी अर्धा मागितला.

मग त्यांनी कागद काढला आणि म्हणाले, "तूबु तेगिरी."

तूब उघडा. हे मी कोणाला सांगायची गरज पडली नाही.

अप्पा बोलू लागले. दार जड आहे, चक्राला गंज आहे, पाणी वाया जाईल, म्हशी बिथरतील. मी क्रमाने सांगत गेलो. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकले आणि शांतपणे सांगितले की दार उघडत नसेल तर तूब निकामी, आणि तूब निकामी असलेला बांध निकामी धरायचा असा नियम आहे. त्यांनी पेनचे टोपण काढले.

"काय म्हणायलेत?" अक्काने मला विचारले.

मी सांगितले.

तिने फळीवरच्या ग्लासांकडे पाहिले, मग साखरेच्या डब्याकडे. ते सगळे उचलायला दोन मिनिटे लागली असती, पण राखणदाराच्या चौकीतून साखरेचा दहा किलोचा डबा, बारा ग्लास आणि खारीची बरणी निघताना दिसली असती तर चौकी दुकान ठरली असती. किटलीत उरलेला चहा तिने साहेबांच्या ग्लासात ओतला. चुलीवर पाणी शिंपडले. खिळ्यावरची मूठ घेतली आणि पदर खोचून बांधावर चढली. वरून तिने मला हाक मारली.

"साहेबाला म्हणावं, पाय वर घ्या."

कन्नडात पायाला कालु म्हणतात. तो शब्द मला आठवला, पण पुढचे क्रियापद जुळवीपर्यंत वर सात वेढे झाले होते. चक्र अडकले. अर्धा वेढा उलटा गेला. मग सुलटा.

पाणी आधी आवाजासारखे आले. पहिल्यांदा चुलीतली राख बाहेर आली, तिच्यामागून ग्लास, मग खारीची बरणी उभीच्या उभी, झाकण घट्ट. साखरेचा डबा दोनदा भिंतीवर आदळून साहेबांच्या बाकाखालून गेला. साहेबांच्या बुटांवरून पाणी गेले तेव्हा मी पाय वर घ्या म्हणालो. व्याकरण बरोबर होते. त्यानंतर, पाण्याला सर्वांत जास्त जोर होता त्या वेळी, तूबातून एक रेडकू बाहेर आले, साहेबांच्या शेजारी उभे राहिले आणि अंग झाडले.

पाणी बाजारतळ ओलांडून थेट अप्पांच्या दुकानाकडे गेले. पायऱ्या दोनच होत्या. मिठाचे पोते खाली होते.

साहेब बाकावर उभे राहून लिहीत होते. त्यांनी मला एकेक रकाना वाचून दाखवला आणि मी मोठ्याने मराठीत सांगत गेलो. पाणी साठा: आहे. गळती: नाही. तूब: उघडतो. आता बंद करून दाखवा, असे ते म्हणाले. अक्काने दार खाली केले, पाणी थांबले. बंद होतो, असे त्यांनी लिहिले. ओलिताखालील क्षेत्र या रकान्याशी ते थोडे अडखळले. अप्पा आपल्या दुकानातून पाणी बाहेर लोटत होते. साहेबांनी तिकडे पाहिले, पूर्ण मैदानाकडे पाहिले आणि लिहिले: बाजारतळ, संपूर्ण.

"चेन्नागिदे," ते बाकावरून उतरताना म्हणाले. चांगले आहे, असा अर्थ. ते चहाला म्हणाले की तूबाला, हे मला विचारायचे राहून गेले. मोजे त्यांनी पिळले आणि जीपच्या बॉनेटवर वाळत टाकून ते पुढच्या गावाला निघाले.

अक्का खाली आली. तूबात गुडघ्याच्या खालपर्यंत चिखल होता. तिने बरणी उघडून पाहिली. खारी कोरडी होती. ती तिने जमलेल्यांना वाटली आणि मग ग्लास शोधायला बाजारतळावर गेली. अप्पा पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्यासमोर आले. मीठ गेलं माझं, एवढेच ते म्हणाले. तुमी म्हणला होता उघडा म्हणत न्हाईत, असे तिने म्हटले नाही. तिने त्यांना सापडलेला ग्लास धरायला दिला आणि पुढचा शोधू लागली. अप्पांनी आठ ग्लास होईपर्यंत धरले.

कचेरीचे उत्तर मेअखेरीस आले. पत्र कन्नडात होते. अक्काने ते आधी मला वाचायला लावले, नंतर शाळेत नव्याने आलेल्या कन्नडच्या मास्तरांना, आणि तिसऱ्यांदा बसच्या कंडक्टरला. तिघांचे वाचन जुळले. बांध चालू स्थितीत आहे. पाडण्याचे कारण नाही. तूबाच्या राखणीसाठी राखणदार बाईंनी तूबात बसण्यास या कार्यालयाची हरकत नाही. या कामाचा पगार मिळणार नाही.

पत्र तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून चक्राच्या मुठीशेजारी खिळ्याला लावले. ते पत्र आल्यानंतरच्या सोमवारी तिने दार सकाळी सहाला वर केले. एरवी संध्याकाळपर्यंत पुरणारे दूध त्या दिवशी दुपारी दोनला संपले.